फायनलपर्यंत

सिडनी विमानतळावरून निघालेली गाडी मोटरवेला लागली तेव्हा यतीन म्हणाला, "अण्णा, आपण केलीव्हिलला नाही चाललोय. मी आता टूनगॅबीला राहतो."

अण्णांना वाटलं, घर बदललं असेल. चिंचवडहून निघाल्याला पूर्ण दिवस उलटून गेला होता, विमानात दडे बसलेले कान अजून उघडले नव्हते. ते म्हणाले, "बरं केलंत. मोठं मिळालं का?"

यतीनने आरशात बघितलं, लेन बदलली, मग समोर बघतच सांगितलं, "मी एकटाच राहतो. चारुता आणि नुपूर तिकडेच आहेत, केलीव्हिलला. जूनपासून."

"भांडलात?"

"नाही."

"मग?"

"भांडलो असतो तर बरं झालं असतं," यतीन म्हणाला आणि त्याने रेडिओ लावला.

वेगळे का झालो, याबद्दल यापलीकडे त्याने पुढच्या सहा महिन्यांत काही सांगितलं नाही. अण्णांनी पहिले काही दिवस वळसे घालून विचारून पाहिलं, मग नाद सोडला. दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर यतीन एकटाच का दिसायचा, ते आता कळलं. 'नुपूर क्लासला गेलीये', 'चारुता शिफ्टला आहे'. म्हाताऱ्या बापाला कळू नये म्हणून पोराने इतके महिने केलेली ती कसरत आठवली की अण्णांना राग यायचा, आणि लगेच त्याची कीवही यायची.

चारुताचं त्यांना जास्त लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी सुमनताई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या तेव्हा यतीनला जेमतेम दोन आठवड्यांची रजा मिळाली. चारुता मात्र बिनपगारी रजा टाकून आली आणि शेवटपर्यंत राहिली. सासूचं अंग पुसण्यापासून रात्रीच्या औषधांपर्यंत सगळं तिने केलं. स्वतःची मुलगी असती तर तिनेही याहून काय केलं असतं, असं अण्णा लोकांना सांगत. आता त्या मुलीला भेटायचं तर कुणाला विचारायचं, हेच त्यांना कळेना. टूनगॅबीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावरच्या फळीवर, तिच्यासाठी आणलेली भाजणीची पिशवी तशीच पडून होती.

शेवटी यतीननेच मार्ग काढला. "शनिवारी नुपूरची मॅच असते. चला. सगळे तिथेच भेटतील."

नुपूर पंधरा वर्षांची. तिच्या शाळेने चार वर्षांपूर्वी मुलींचा क्रिकेट क्लब काढला होता. शनिवारी सकाळी आजूबाजूच्या क्लबांशी मॅचेस असत, बहुतेक क्वेकर्स हिलच्या बाजूच्या एका मोठ्या मैदानावर. आदल्या वर्षी या मुलींनी सगळ्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकली होती आणि तीही समोरच्या टीमला पुरेशा मुली जमवता आल्या नाहीत म्हणून. कोच मिस डॉसन शाळेत पीटी शिकवत. नाकाला पांढरं क्रीम फासून, हातात पाण्याची बाटली घेऊन बाउंड्रीवर येरझाऱ्या घालत आणि कितीही वाईट बॉल पडला तरी "लव्हली, नुप्स" म्हणून ओरडत.

यतीनने गाडीतून दोन फोल्डिंगच्या खुर्च्या काढल्या आणि मैदानाच्या पार टोकाला, निलगिरीच्या झाडाखाली नेऊन मांडल्या. समोरच्या बाजूला शेडमध्ये बाकीचे आईबाप बसले होते. त्यांच्यात चारुता होती. दोघांच्या मध्ये सबंध मैदान.

अण्णा भाजणीची पिशवी हातात धरून उभे राहिले. तेवढ्यात चारुताच मैदानाला वळसा घालून आली. आली ती वाकून नमस्कार करून, नेहमीसारखी. "प्रवास कसा झाला अण्णा? गुडघा काय म्हणतोय?" यतीनकडे बघून तिने मान हलवली, त्यानेही हलवली. नुसत्या ओळखीच्या दोन माणसांनी हलवावी तशी.

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी तिकडे बसते. तुम्हाला हवं तिथे बसा हं. मला काही वाटणार नाही."

हे शेवटचं वाक्य अण्णांना फार बोचलं. वाटायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत ठरवून टाकली. पहिली इनिंग यतीनजवळ, दुसरी चारुताजवळ. मधल्या वेळात मैदानाला सावकाश वळसा. पुढच्या शनिवारी चारुता त्याच भाजणीची थालीपीठं करून घेऊन आली. अण्णांनी त्यातली दोन रुमालात बांधली आणि पलीकडे यतीनला नेऊन दिली. यतीनने काही न विचारता खाल्ली. अण्णा परत येऊन म्हणाले, "संपवली हो त्याने." चारुता नुसती हसली.

आणि त्या वर्षी मुली जिंकायला लागल्या.

पहिली मॅच जिंकल्या तेव्हा सगळ्यांना गंमत वाटली. दुसरी जिंकल्यावर मिस डॉसनने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. तिसरीनंतर शाळेच्या न्यूजलेटरमध्ये फोटो आला. टीममध्ये दोन उंच मुली जोरात बॉलिंग टाकणाऱ्या होत्या, एक श्रीलंकन मुलगी ओपनिंगला खांब रोवल्यासारखी उभी राहायची. पण मॅच फिरवायची ती नुपूर. तिची ऑफस्पिन. दोन पावलं चालत, तिसऱ्याला छोटी उडी, आणि बॉल बॅट्समनच्या पुढ्यात पडून आत वळायचा. समोरच्या मुलींना तो कळायचाच नाही.

"एवढं कुठे शिकली?" अण्णांनी चारुताला विचारलं.

"जूनपासून रोज संध्याकाळी गॅरेजच्या दारावर बॉल टाकत असते. दाराला पार पोचे पडलेत. मी काही बोलत नाही."

जूनपासून.

तिसऱ्या की चौथ्या विजयानंतरची गोष्ट. यतीन खुर्च्या गाडीत ठेवायला गेला होता, चारुता मिस डॉसनशी बोलत होती. नुपूर अण्णांच्या शेजारी गवतावर बसून बुटांच्या लेस सोडत होती. लेस सोडता सोडताच तिने विचारलं, "आजोबा, विल दे गेट बॅक टुगेदर?"

अण्णांना इंग्रजी कळलं. तरी त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय म्हणालीस?"

"मम्मा आणि बाबा. परत एकत्र राहतील का?"

तिचे गाल उन्हाने लाल झाले होते, कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. अण्णांना ते तोंड बघवेना. पडलेल्या पोराला आपण 'काही नाही झालं' म्हणतो ना, तसे शब्द त्यांच्या तोंडून निघून गेले. "का नाही राहणार? बघ, दर शनिवारी दोघंही येतात ना? एकमेकांच्या मनातून उतरलेली माणसं येतील का अशी? तू आपली जिंकत राहा. फायनलपर्यंत सगळं होईल जागच्या जागी."

"फायनल मार्चमध्ये आहे."

"मग मार्चपर्यंत."

नुपूरने मान डोलावली आणि बूट काढून पिशवीत टाकले. अण्णांना हायसं वाटलं. घरी गेल्यावर ते बोलणं ते विसरूनही गेले. खरं सांगायचं तर त्यांचा स्वतःचाही त्यावर थोडा विश्वास होता.

डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुट्टीआधीच्या मॅचला, नुपूर बॉलिंग टाकत असताना समोरच्या मुलीने बॉल सरळ मारला. नुपूरला हात वर करायलाही वेळ मिळाला नाही. बॉल तोंडावर बसला. ती गुडघ्यांवर बसली तेव्हा बोटांमधून रक्त येत होतं.

यतीन या टोकाकडून धावला, चारुता त्या टोकाकडून. दोघं एकदमच तिच्यापाशी पोचले. कोणाची गाडी, कोणी चालवायची, यावर एक शब्दही झाला नाही. चारुता नुपूरला घेऊन यतीनच्या गाडीत मागे बसली, अण्णा पुढे. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने विचारलं, "कशाची ॲलर्जी?" तर दोघंही एकाच वेळी म्हणाले, "पेनिसिलिन." आणि एकमेकांकडे बघून हसले. किती दिवसांनी, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मग वाट बघत बसल्यावर यतीनने मशीनमधून कॉफी आणली, चारुताच्या कपात साखर घातली नाही. नुपूर दोन वर्षांची असताना नाकात शेंगदाणा घालून बसली होती, ती आठवण निघाली. यतीन तेव्हाच्या डॉक्टरची नक्कल करून दाखवत होता आणि चारुता तोंडावर हात धरून हसत होती.

अण्णांचा जीव भांड्यात पडला. असंच होतं, माणसं अशीच परत येतात, असं त्यांच्या मनात आलं. सुमन असती तर तिला आता फोन लावला असता.

नुपूर आतून बाहेर आली ती ओठाला टाके घालून. तोंड इतकं सुजलेलं की हसता येत नव्हतं. तिने शेजारी शेजारी बसलेल्या आईबापांकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. अण्णांनीही केला.

त्या रात्री यतीन त्या दोघींना केलीव्हिलला सोडून आला. पण परत टूनगॅबीलाच आला.

नवं वर्ष लागलं तेव्हा उन्हाने जीव नकोसा झाला होता. एका दुपारी फ्लॅटमध्ये पंखा लावून बसले असताना यतीन म्हणाला, "अण्णा, एक सांगायचंय. तुम्ही मध्ये काही बोलू नका, नुसतं ऐका."

केलीव्हिलचं घर ओळखीतल्याच एकाला परस्पर विकलं गेलं होतं. मार्चअखेर ताबा द्यायचा होता. चारुताला ॲडलेडमध्ये पॅथॉलॉजी लॅबची चांगली नोकरी मिळाली होती, तिथे तिची बहीण होती. नुपूर तिच्याबरोबर जाणार. शाळेच्या सुट्ट्यांत यतीनकडे येणार. सगळं दोघांनी मिळून, शांतपणे ठरवलं होतं.

"आणि हॉस्पिटलमध्ये ते..." अण्णांच्या तोंडून निघालंच.

"हॉस्पिटलमध्ये काय?"

"हसत होतात."

यतीनने पंखा वाढवला. "हसता येतं अण्णा. अजूनही येतं. त्याने काही होत नाही." मग म्हणाला, "नुपूरला फायनल झाल्यावर सांगायचं ठरवलंय. तिचा एवढा चांगला सीझन चाललाय, तो नको बिघडवायला. तुम्हीही काही बोलू नका. प्लीज."

अण्णांनी मान हलवली. न हलवून करतात काय?

फेब्रुवारीत मॅचेस परत सुरू झाल्या. मुली जिंकतच राहिल्या. आता शाळेतले बाकीचे शिक्षकही बघायला येऊ लागले होते, कुणीतरी निळ्या कापडाचा झेंडा शिवून आणला होता. अण्णांचे वळसे चालूच होते, पण पाय जड झाले होते. चारुताजवळ बसलं की ॲडलेड आठवायचं. आपल्याला माहीत आहे हे तिला माहीत आहे, हेही कळत होतं. दोघंही त्यावर बोलत नव्हते. आणि नुपूर बॉलिंग टाकायला उभी राहिली की आधी या टोकाच्या झाडाखाली बघायची, मग त्या टोकाच्या शेडकडे. दोन्हीकडे माणूस आहे ना, एवढं बघून मग उडी घ्यायची. तिने अण्णांना परत काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे. निदान हात झटकता आले असते. ती विचारत नव्हती याचा अर्थ तिने धरूनच ठेवलं होतं.

सेमीफायनलच्या दिवशी दुसरी इनिंग सुरू झाली तरी अण्णा अजून वळशावरच होते. समोरची टीम धावांचा पाठलाग करत होती. नुपूर पॉइंटला उभी होती आणि अण्णा बरोबर तिच्या मागे, बाउंड्रीच्या बाहेर. ती हळूहळू पुढे सरकतेय हे त्यांना दिसलं. अंपायरने हाताने मागे जायची खूण केली. ती मागे गेली, पुढच्या बॉलला परत पुढे. मिस डॉसन ओरडल्या, "नुप्स, मागे!" परत मागे गेली, परत पुढे.

मग एक आखूड बॉल पडला आणि बॅटिंग करणाऱ्या मुलीने तो जीव खाऊन कट केला. अण्णांनी पन्नास वर्षं क्रिकेट बघितलं होतं. अशा बॉलला माणूस हात तरी घालतो, नाहीतर वाकतो, पाठ तरी वळवतो. विचार करावा लागत नाही, अंगच ते करतं. नुपूरने पुढे धरलेले हात खाली घेतले. आणि तशीच उभी राहिली.

बॉल खांद्याच्या हाडाखाली बसला. तो आवाज अण्णांना बाउंड्रीवर ऐकू आला.

यतीन या टोकाकडून धावला, चारुता त्या टोकाकडून. दोघं तिच्यावर वाकले. आणि खाली पडलेल्या नुपूरने त्या दोघांच्या मधून मान वाकडी करून मागे पाहिलं. ती अण्णांना शोधत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर खुशीत होती. अण्णांचा हात वर झाला नाही.

हाड मोडलं नव्हतं. हॉस्पिटलची गरज नाही, असं फर्स्ट एडवाल्या बाईंनी सांगितलं. बर्फाची पिशवी दिली. मुलींनी मॅच जिंकली, मैदानात एकच कल्ला झाला. नुपूर पाण्याच्या नळामागच्या बाकावर बर्फ धरून बसली होती. अण्णा तिच्याजवळ गेले.

"बाजूला का झाली नाहीस?"

"दिसला नाही."

"नुपूर."

तिने बर्फाची पिशवी जरा सरकवून धरली. मग एकच खांदा उडवून म्हणाली, "लास्ट टाइम इट वर्क्ड."

अण्णांनी बाकाची कड धरली. यतीनला दिलेला शब्द त्यांना आठवत होता. आणि पुढच्या शनिवारी ही पोर पुन्हा एखाद्या बॉलसमोर जाऊन उभी राहील, तेव्हा तो कुठे बसेल, डोळ्यावर की कपाळावर, हेही त्यांना दिसत होतं.

"ऐक," ते म्हणाले. "ते नाही होणार. बाबा आणि मम्मा परत एकत्र नाही राहणार. त्यांचं ठरलंय. तू आणि मम्मा ॲडलेडला जाणार आहात. घर विकलंय. तुला फायनलनंतर सांगणार होते."

नुपूर हलली नाही. पलीकडे मुली तिचं नाव घेऊन ओरडत होत्या.

"तुम्ही म्हणाला होतात," ती म्हणाली.

"म्हणालो होतो. मला काही माहीत नव्हतं आणि मी म्हणालो. तुझं तोंड बघवलं नाही म्हणून म्हणालो."

"मग मी हे सगळं कशाला केलं?"

अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले तर तिने मान बाजूला घेतली. बॉलला न हललेली मुलगी त्यांचा हात मात्र चुकवून गेली. जरा वेळाने ती उठली, तोंडावर नळाचं पाणी मारलं आणि मराठीत, अगदी शब्द जुळवून म्हणाली, "मला माहितीये हे त्यांना सांगू नका." मग मुलींकडे निघून गेली. अण्णांनी पाहिलं तर ती त्यांच्या घोळक्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती, एकाच हाताने, मांडीवर.

तो आठवडा अण्णांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. यतीनला सांगावं असं सतरा वेळा ओठांवर आलं. पण त्यांनी या पोरीलाही शब्द दिल्यासारखाच होता, आणि तिचा शब्द मोडायची आता त्यांच्यात हिंमत नव्हती.

फायनलला आभाळ भरून आलं होतं पण पाऊस पडला नाही. पेनरिथकडची टीम होती, गेल्या दोन वर्षांची विजेती. शाळेच्या मुलींनी आधी बॅटिंग केली आणि शंभराच्या थोड्याशा पुढे गेल्या. कमीच होत्या धावा. नंतर फील्डिंगला उतरताना नुपूरने मिस डॉसनना काहीतरी सांगितलं आणि ती थेट लाँग ऑनच्या बाउंड्रीवर जाऊन उभी राहिली, सगळ्यांपासून लांब. अण्णांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

तिची बॉलिंग आली. त्या दिवशी तिने कुठल्याच टोकाला बघितलं नाही. बॉल हातात फिरवला, दोन पावलं, उडी. तिच्या तिसऱ्याच बॉलला त्यांची सगळ्यात चांगली बॅट्समन बोल्ड झाली. पुढच्या ओव्हरला आणखी एक. मुली धावत येऊन तिच्या गळ्यात पडत होत्या आणि ती त्यांना पडू देत होती, पण चेहऱ्यावर काही नाही. आपलं काम करून घरी जायचंय, असा चेहरा. इतकी सुंदर बॉलिंग अण्णांनी आजवर कुठल्या पोरीची बघितली नव्हती, आणि ती बघताना त्यांना रडू आवरत नव्हतं. शेजारी चारुता उभी राहून टाळ्या वाजवत होती. "काय झालं अण्णा?" तिने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले, "खेळतेय छान."

शेवटची विकेट पडली तेव्हा पेनरिथच्या मुलींना थोड्याच धावा हव्या होत्या. मैदानात आरडाओरडा झाला, मिस डॉसन चक्क रडल्या. कप आला, टोप्या उडाल्या, पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर रिकाम्या झाल्या. टीमचा फोटो झाल्यावर मिस डॉसनना काय वाटलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "नुप्सच्या घरचे कुठेत? या, या, सगळे या." त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. यतीन आला, चारुता आली. नुपूर मध्ये, दोघं दोन बाजूंना, अण्णा मागे. "जरा जवळ या ना," मिस डॉसन फोन धरून म्हणाल्या. ते जवळ आले. नुपूरने कप छातीशी धरला आणि सगळे दात दाखवून हसली. त्या फोटोत तीच सगळ्यात आनंदी दिसते. अण्णांनी तो पुढे कधी कुणाला दाखवला नाही.

मग एका बाकावर बसून दोघांनी तिला सांगितलं. अण्णा मुद्दाम लांब थांबले. त्यांना नुसतं दिसत होतं. चारुता बोलत होती, यतीन खाली बघत होता, नुपूर ऐकत होती. ती एकदाच काहीतरी बोलली. नंतर यतीनने सांगितलं, ती म्हणाली, "ओके." चारुता म्हणाली होती की ॲडलेडलाही मुलींचे क्लब आहेत, मी बघून ठेवलेत. त्यावर नुपूर म्हणाली, "आय डोन्ट थिंक आय विल प्ले." बस. रडलीही नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केलीव्हिलच्या घरात आवराआवर सुरू झाली. अण्णा रोज बसने जाऊन चारुताला मदत करत. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची, खोकी चिकटवायची. एका दुपारी दोघंच स्वयंपाकघरात होते. चारुता कपाट पुसता पुसता थांबली.

"अण्णा, मी तुम्हाला आता काय म्हणू?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे आता नातं काय उरलं आपलं?"

अण्णांनी हातातली वाटी नीट गुंडाळली, खोक्यात ठेवली. "अण्णाच म्हण," ते म्हणाले. "हे नाव काही यतीनने ठेवलेलं नाही."

ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला. ओट्याला टेकून ती बराच वेळ रडली. या सहा महिन्यांत अण्णांनी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. 'होईल सगळं नीट' हे शब्द घशापर्यंत आले होते, ते त्यांनी गिळले. "रड," एवढंच म्हणाले.

निघायच्या दिवशी ट्रक सकाळीच गेला. त्या दोघी गाडीने जाणार होत्या, वाटेत एक मुक्काम करून. नुपूर आजोबांशी त्या सेमीफायनलपासून हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती. गाडीत बसायच्या आधी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओठावरचा टाक्यांचा व्रण आता पांढरा पडला होता.

"यू शुड हॅव टोल्ड मी सूनर," ती म्हणाली.

"हो," अण्णा म्हणाले.

"बट यू टोल्ड मी." जरा थांबून ती म्हणाली, "बाकी कुणी नाही सांगितलं."

तिने त्यांना मिठी मारली नाही, पायाही पडली नाही. गाडीत जाऊन बसली आणि कानात इअरफोन घातले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत यतीन रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा तो बाजूला झाला.

पुढच्या शनिवारी अण्णांना जाग आली तर यतीन आंघोळ करून, कपडे घालून सोफ्यावर बसलेला. कुठे जायचं नव्हतं. अण्णांनी चहा टाकला. दोन कप घेऊन ते त्याच्याशेजारी येऊन बसले.

"अण्णा," यतीन म्हणाला, "तिला आधीच माहीत होतं ना?"

"हो."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी सांगितलं."

अण्णांना वाटलं, आता चिडेल. त्यांनी मग सगळंच सांगून टाकलं. ऑक्टोबरात आपण काय बोलून बसलो ते, तिने हात खाली घेतले ते, नळापाशी ती काय म्हणाली ते. यतीन कप हातात धरून ऐकत राहिला. चहावर साय धरली.

"मुद्दाम उभी राहिली?" त्याने विचारलं.

"हो."

"आम्ही पळत यावं म्हणून?"

अण्णांनी मान हलवली. यतीनने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. लहानपणी तो असा कधी रडला नव्हता, तो ओरडून रडायचा, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा. अण्णा त्याच्या जवळ सरकले. अण्णांचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. व्हिसाही तेवढाच होता.

"आत्ता फोन कर तिला," काही वेळाने अण्णा म्हणाले. "उचलणार नाही बहुतेक. तरी कर."

यतीनने तोंड पुसलं आणि फोन लावला. तो वाजत राहिला, मग बंद झाला. त्याने अण्णांकडे बघितलं.

"परत लाव," अण्णा म्हणाले.